मेडिकल कौन्सिलची नोटीस आलीय? आधी वकील गाठा, उत्तर नंतर

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं पाकीट आलं की भल्याभल्या सर्जनची पाचावर धारण बसते आणि मग दोनातली एक गोष्ट ठरलेली. एक तर डॉक्टर त्याच रात्री ओपीडी आटोपून लेटरहेड पुढ्यात घेतात, मनातली सगळी भडास चार पानांत उतरवतात आणि सकाळी स्पीड पोस्टने रवाना करून मोकळे होतात, नाहीतर पाकीट ड्रॉवरमध्ये सारून "बघू निवांत" म्हणतात. दोन्ही वाईटच, पण पहिलं जास्त वाईट, कारण उशीर झाला तर मुदत वाढवून मागता येते, सही करून पाठवलेलं मात्र परत घेता येत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे, वकील नाही. आमच्या शाखेच्या मेडिकोलीगल सेलमध्ये असे फोन घेते, कागद बघते, योग्य माणसाकडे पाठवते. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी आहे आणि तुमच्या केसचा सल्ला तुमच्या वकिलाकडूनच घ्यायचा. पण एक गोष्ट ठासून सांगते, कौन्सिलची केस सुनावणीत जेवढी ठरते त्याहून जास्त ती पहिल्या लेखी खुलाशात ठरते, आणि आपले लोक वकील शोधायला निघतात ते सुनावणीची तारीख लागल्यावर. तोवर बाण सुटलेला असतो.

पाकिटात नक्की काय आलंय

सगळी पत्रं सारखी नसतात. बऱ्याचदा पहिलं पत्र म्हणजे तक्रारीची प्रत आणि सोबत "आपला खुलासा अमुक दिवसांत सादर करावा" एवढंच. अजून चौकशी सुरू झालेली नसते, तुमचा खुलासा वाचून प्रथमदर्शनी काही तथ्य आहे का हे ठरायचं असतं, आणि प्रकरण तिथेच मिटवायची सगळ्यात चांगली संधी हीच. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष चौकशीची नोटीस असते, आरोप मांडलेले असतात, हजर राहायची तारीख असते. कधी तिसराच प्रकार, म्हणजे तक्रार दुसऱ्या डॉक्टरवर आहे आणि तुमच्याकडून फक्त माहिती किंवा रेकॉर्ड मागितलंय. तेही हलक्यात घेऊ नका, माहिती द्यायला गेलेल्या डॉक्टरचं नाव पुढे तक्रारीत जोडलं जाऊ शकतं.

पाकीट फेकायचं नाही, त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि तुम्हाला ते मिळाल्याची तारीख दोन्ही कामाचे, मुदत तिथून मोजली जाते. तक्रारीसोबत जोडपत्रं आहेत का बघा, "सोबत अ ते फ" लिहिलंय आणि हातात फक्त अ आणि ब असतील तर उरलेली लेखी मागा आणि त्या पत्राची पोच ठेवा. तक्रारदाराची सही आहे का, नाव-पत्ता आहे का, शपथपत्र आहे का, एखाद्या एक्स्पर्टचं मत जोडलंय का, हेही बघून ठेवा. कितीतरी खुलासे मी असे बघितलेत जे तक्रारीचं पहिलं पान वाचून लिहिलेले असतात, आणि खरा मुद्दा तक्रारदाराने पान ९ वर टाकलेला असतो.

अजून एक, पत्ता. शिकताना दिलेला लातूरचा पत्ता, आता प्रॅक्टिस पुण्यात, मधे दोन घरं बदलली आणि कौन्सिलकडे मात्र अजून लातूरच. नोटीस जाते नोंदवलेल्या पत्त्यावर आणि तुमच्या गैरहजेरीत तारखा पडत राहतात. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावंच लागतं, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट गोळा करताना सगळे कॉन्फरन्सला पळतात, पण पत्ता, मोबाईल, ईमेल अपडेट करायची आठवण कुणाला नसते. हे आजच करून टाका, नोटीस आली असो वा नसो.

कौन्सिल काय करू शकते आणि काय नाही

आधी आपलं घर कुठलं ते पक्कं करा. एमबीबीएस आणि त्यापुढच्या ॲलोपॅथीच्या पदव्या असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, १९६५ च्या कायद्याने चालणारी, कार्यालय मुंबईत. दातांच्या डॉक्टरांचं, आयुर्वेद-युनानीचं, होमिओपॅथीचं कौन्सिल वेगळं, गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल. आणि कौन्सिलचा हात पोचतो तो रजिस्टर्ड डॉक्टरपर्यंत, हॉस्पिटलपर्यंत नाही. बिल जास्त लावलं, डिपॉझिटसाठी अडवलं, लिफ्ट बंद होती, असल्या तक्रारी नर्सिंग होम रजिस्ट्रेशन बघणाऱ्या यंत्रणेकडच्या, म्हणजे महापालिका किंवा सिव्हिल सर्जन वगैरे. तक्रारीत हे सगळं एकत्र कालवलेलं असतं, त्यातलं कौन्सिलच्या कक्षेत काय येतं हे वेगळं काढणं हे वकिलाचं पहिलं काम.

शिक्षा म्हणाल तर ताकीद, ठरावीक काळासाठी रजिस्ट्रेशन निलंबित, किंवा रजिस्टरमधून नावच काढणं. नुकसानभरपाई द्यायला लावायचा अधिकार कौन्सिलला नाही, त्यासाठी पेशंट ग्राहक आयोगात जातो, आणि १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून तो रस्ता खुला आहे हे आपल्या सगळ्यांना माहीतच आहे.

नियम कुठले लागू? अजूनही २००२ चेच, म्हणजे जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे व्यावसायिक वर्तन आणि नीतिमत्तेचे नियम. तिच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात २३ तारखेला स्थगितही ठेवले. हे मुद्दाम सांगतेय कारण इंटरनेटवर २०२३ च्या नियमांची पीडीएफ भरपूर फिरतेय, आणि पहिल्याच भेटीत वकील त्यातली कलमं फेकायला लागला तर समजा की साहेबांनी या विषयाला नुकताच हात घातलाय.

एकाच घटनेवर कौन्सिल, ग्राहक आयोग आणि पोलीस अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी प्रकरण चालू शकतं. "एका गुन्ह्याला दोन शिक्षा नाहीत ना" असं म्हणून गप्प बसू नका, तो मुद्दा इथे चालत नाही, कारण कौन्सिलची कारवाई शिस्तीची आहे, फौजदारी खटला नाही. पोलिसांच्या बाजूला निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं पूर्वीचं कलम ३०४ अ गेलं आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलंय, त्यात प्रोसिजर करताना डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ, टोकाचा असावा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. हा निकाल पोलीस स्टेशनात ढाल म्हणून उपयोगी आहे, कौन्सिलसमोर तेवढा नाही. तिथे तुमची ट्रीटमेंट शंभर टक्के बरोबर असली तरी संमतीपत्र कोरं किंवा रेकॉर्ड अपुरं म्हणून ताकीद मिळू शकते. या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की कौन्सिलला दिलेला खुलासा उद्या ग्राहक आयोगात तुमच्याच समोर ठेवला जाईल, म्हणून तिन्हीकडचं लिखाण एकाच डोक्यातून गेलं पाहिजे.

वकील कसा शोधायचा

२००२ च्या नियमांत स्पष्ट आहे, डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे वकील नेणं हा तुमचा हक्क आहे, त्याने "डॉक्टर घाबरला" असा कुणी अर्थ काढत नाही. तरी ही भीती लोकांच्या मनात एवढी बसलीय की तारखेला एकटेच जातात, बरोबर फार तर मेव्हणा.

हॉस्पिटलने "आमचे वकील बघतील, तुम्ही टेन्शन घेऊ नका" म्हटलं तर आभार माना आणि तरी स्वतःचा वेगळा वकील करा. हॉस्पिटलच्या वकिलाचा पक्षकार हॉस्पिटल आहे, तुम्ही नाही. आयसीयूत रात्री स्टाफ कमी होता हे हॉस्पिटलला अडचणीचं आणि तुम्हाला सोयीचं, मग तुमच्या खुलाशात ते वाक्य राहील का कापलं जाईल सांगा बरं. व्हिजिटिंग कन्सल्टंटना आणि रेसिडेंटना हे जास्त लागू. रेसिडेंट असाल तर विभागप्रमुखांनी "यावर सही कर" म्हणून टाइप केलेला कागद पुढे केला तरी एक दिवस मागून घ्या, मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी बोला, कुणातरी वकिलाला दाखवा आणि मग सही. सरकारी नोकरीत असाल तर कौन्सिल वेगळं आणि १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखालची खातेनिहाय चौकशी वेगळी, दोन्हीकडचे जबाब जुळले पाहिजेत.

वकील मिळवायचे रस्ते बघू. पहिला म्हणजे तुमची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटने दावा केला तर उपयोगी पडणारा विमा, तिच्या कंपनीचं वकिलांचं पॅनल असतं. पॉलिसी काढून नीट वाचा, कारण बऱ्याच पॉलिसी पेशंटच्या भरपाईच्या दाव्यासाठी असतात आणि कौन्सिलच्या चौकशीचा खर्च त्यात धरलेला असेलच असं नाही, कधी तो जादा प्रीमियम भरून घ्यावा लागतो. धरलेला नसला तरी कंपनीला नोटिशीची माहिती लगेच लेखी द्या, एजंटला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला म्हणजे कळवलं असं होत नाही. या पॉलिसी साधारण दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या पॉलिसीवर चालतात, म्हणून कौन्सिलच्या तक्रारीमागोमाग ग्राहक दावा आला आणि मधल्या काळात पॉलिसी लॅप्स झालेली असली तर हात चोळत बसावं लागतं, आणि रेट्रोॲक्टिव्ह डेट नावाची एक तारीख पॉलिसीत असते, तिच्या आधीच्या ऑपरेशनला कव्हर नाही. कंपनीला न विचारता चूक कबूल करणं किंवा परस्पर पैसे देऊन मिटवणंही बहुतेक पॉलिसीत चालत नाही.

दुसरा रस्ता आयएमएचा, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनचा, त्यांची प्रोफेशनल प्रोटेक्शन स्कीम आहे, मेंबर असाल तर आधी शाखेत विचारा, आणि तुमच्या स्पेशालिटीच्या संघटनेतही विचारा, तिथे निदान हे भोगून बाहेर पडलेला एखादा सिनियर भेटतो आणि तो सरळ नाव सांगतो. तिसरा सहसा कुणाला माहीत नसतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो, आणि त्या कायद्यात "कोर्ट" म्हणजे न्यायिक स्वरूपाचं काम करणारी प्राधिकरणंही धरली आहेत. स्टायपेंडवर दिवस काढणाऱ्या एखाद्या रेसिडेंट मुलीला हा अर्ज करायला काय हरकत आहे, फार तर नाही म्हणतील.

डॉक्टर असून एलएलबी केलेले आपल्याकडे आता बरेच झालेत, त्यांना मेडिसिन समजावून सांगावं लागत नाही हा मोठा फायदा. पण एलएलबी केलं म्हणजे वकील झाला असं नाही, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे का विचारा, नसेल तर तो खुलासा तयार करायला मदत करेल, वकीलपत्र टाकून तुमच्या बाजूने उभा राहू शकणार नाही. पहिल्या भेटीत मी लोकांना हे विचारायला सांगते: मेडिकल कौन्सिलसमोर याआधी उभे राहिलायत का, की फक्त ग्राहक आयोगात? तारखेला स्वतः येणार की ज्युनियर पाठवणार? फी एकरकमी की तारखेप्रमाणे? (तारखा पुढे पुढे जातात, तारखेप्रमाणे फी म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.) अपील झालं तर पुढे तुम्हीच बघणार का? आणि जो वकील फाईल न उघडताच "काही होत नाही डॉक्टर, मी आहे ना" म्हणतो त्याच्याकडून चहा पिऊन निघा.

फाईलला हात लावायचा नाही

नोटीस आली त्या दिवशीच ओरिजिनल इनडोअर पेपर रेकॉर्ड रूममधून काढा, पानांना नंबर द्या, पूर्ण स्कॅन करा आणि ओरिजिनल कुलपात टाका. काम झेरॉक्सवर करायचं. संमतीपत्र, भूलपूर्व तपासणी, ऑपरेशन नोट, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, लॅबचे रिपोर्ट, रेफरल चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, सगळं. कॅमेऱ्याचं फुटेज ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, तेव्हा घटना ताजी असेल तर ते लगेच उतरवून घ्या. त्या रात्री कन्सल्टंटला केलेले फोन, पाठवलेले मेसेज, एक्स-रेचे फोटो, ते डिलीट करू नका, बऱ्याचदा तुम्ही वेळेवर कळवलं होतं याचा तोच एकमेव पुरावा असतो.

आता मोह होतो तो इथे. ऑपरेशन नोटमध्ये एक ओळ राहिलीय, ती आता घातली तर? नको. जवळून सांगते कसं पकडलं जातं. माझ्या भुलीच्या चार्टवर दर पाच मिनिटांनी नाडी, बीपी, सॅच्युरेशन असतं, इन्सिजन किती वाजता आणि दुर्बिणीतून ओपन कधी केलं त्याच्या वेळा असतात. सर्जनने नंतर बसून नवी नोट लिहिली आणि त्यात कन्व्हर्जन (दुर्बिणीतून ओपन) ११.२० ला टाकलं, माझ्या चार्टवर १२.०५, सिस्टरच्या रजिस्टरमध्ये ओपनचा ट्रे मागवला १२ वाजता. तिन्ही कागद शेजारी ठेवले की शाळकरी पोरालाही कळेल. त्यातून नातेवाइकांनी ॲडमिट असतानाच सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढलेले असतात, आणि कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डमध्ये कोणी कधी काय बदललं याचा माग राहतो. खरी नोट अपुरी असती तर फार तर ताकीद मिळाली असती, बदललेल्या नोटेमुळे मात्र तुमच्या बाकीच्या सगळ्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. काही खरंच राहून गेलं असेल तर ते खुलाशात आजच्या तारखेने सांगा, "नोंद राहिली, मला आठवतं ते असं" म्हणून. ते चालतं.

रेकॉर्डबद्दल दोन आकडे पाठ असू द्या. इनडोअर रेकॉर्ड ट्रीटमेंट सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं, आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. दिलं नाही तर तेच स्वतंत्र गैरवर्तन ठरतं. तक्रारदाराने आत्ता कागद मागितले तर रागाच्या भरात अडवून धरू नका, प्रती द्या आणि पोच घ्या. एमएलसी (पोलिसांत नोंदवलेली मेडिकोलीगल केस) असेल किंवा कुठेही केस चालू असेल तर ३ वर्षांचा हिशोब विसरा, सगळं संपेपर्यंत कागद सांभाळायचे.

आणि तक्रारदाराला फोन करायचा नाही. "एकदा बसून बोलू" हा तुमच्या दृष्टीने चांगुलपणा असला तरी पलीकडे रेकॉर्डिंग चालू असतं आणि नंतर त्याला दबाव टाकला म्हणतात. तोडगा काढायचाच असेल तर वकिलामार्फत, आणि तक्रारदाराने तक्रार मागे घेतली म्हणून कौन्सिल आपोआप फाईल बंद करेलच असं धरून चालू नका. डॉक्टरांच्या ग्रुपवर पेशंटचं नाव, रिपोर्ट, नोटिशीचा फोटो टाकून मत मागवायचं नाही, पेशंटची गुपितं फोडणं हे २००२ च्या नियमांत वेगळं गैरवर्तन आहे, एकाचं दोन होईल.

खुलासा

वकिलाला कायदा कळतो, पेशंटचं काय झालं ते तुम्हालाच कळतं, तेव्हा पहिला मसुदा तुम्ही घटनाक्रमाच्या रूपात करायचा: तारीख, वेळ, काय झालं, कागद कुठला, पान कितवं. यात मत नको, विशेषणं नकोत. त्यावरून वकील खुलासा बांधेल, आधी प्राथमिक हरकती (मुदत, कक्षा, अपुरी जोडपत्रं), मग घटनाक्रम, मग तक्रारीच्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमाने उत्तर, मग जोडपत्रं. एकही परिच्छेद उत्तराशिवाय सोडायचा नाही.

फरक दाखवते. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झाली, अशी तक्रार धरा. रात्री रागात लिहिलेलं वाक्य साधारण असं येतं: "नातेवाइकांना सर्व धोके व्यवस्थित समजावले होते, परंतु ते केवळ बिल बुडवण्यासाठी खोटी तक्रार करत आहेत." यात एकही पडताळता येण्यासारखी गोष्ट नाही, वर तक्रारदारावर हेत्वारोप. तेच असं लिहा: "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सायंकाळी ६.१० वाजता पेशंटला, मुलगा हजर असताना, पित्तनलिकेला इजा होण्याची आणि ओपन ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता मराठीत सांगितली. नोंद पान ७, पेशंटची सही पान ८, जोडपत्र ३." एवढंच. बिलाचं काय ते बिलाच्या परिच्छेदात.

आणि सही कोणाची हे बघा बरं का. आपल्याकडे नवऱ्याची, मुलाची सही घेऊन टाकायची पद्धत पडून गेलीय. २००८ च्या समीरा कोहली निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, तिची संमती घेता येण्यासारखी होती, तेव्हा ती भुलीत असताना आईची संमती घेऊन पुढचं मोठं ऑपरेशन करणं बरोबर नाही, तिचा जीव लगेच धोक्यात असता तर गोष्ट वेगळी. तुमच्या केसमध्ये पेशंटची सही नसेल तर ते लपवू नका, वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा. वकिलाला कळायच्या आत समोरच्याला कळलं की मग नाकी नऊ येतात.

संदर्भ जोडताना घटनेच्या वेळी चालू असलेल्या टेक्स्टबुकची आवृत्ती आणि गाइडलाइन जोडा, २०२१ च्या ऑपरेशनला आजची गाइडलाइन लावून तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्याल. मुद्दा एवढाच मांडायचा असतो की तुमच्या जागी तेवढ्याच शिक्षणाच्या, साधारण कौशल्याच्या डॉक्टरने हेच केलं असतं. त्यासाठी त्याच स्पेशालिटीतल्या, तुमच्याशी भागीदारी नसलेल्या सिनियरचं लेखी मत मिळालं तर सोन्याहून पिवळं. दुसऱ्या डॉक्टरवर ढकलायचं का, हा नाजूक प्रश्न. खरंच त्याची जबाबदारी असेल तर तथ्य म्हणून लिहा, "रेफर करताना पाठवलेल्या चिठ्ठीत अमुक नव्हतं" एवढंच, टोमणा नको.

वेळ पुरत नसेल तर मुदत संपायच्या आधी, कारण देऊन, लेखी मुदतवाढ मागा. मुदत संपल्यावर मागितलेली मुदतवाढ म्हणजे समोरच्याच्या कृपेवर. पाठवण्याआधी पूर्ण खुलासा स्वतः वाचा, वकिलाच्या ऑफिसात डाव्याऐवजी उजवा पाय टाइप झाला तरी सही तुमचीच असते.

तारखेच्या दिवशी

वेळेआधी पोचा, ओरिजिनल रेकॉर्ड, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, पदव्या बरोबर ठेवा. समोर बसलेले बहुतेक डॉक्टरच असतात, त्यामुळे मेडिकलची जुजबी माहिती सांगून छाप पाडायचा प्रयत्न करू नका. विचारलं तेवढंच बोला. आठवत नसेल तर "आठवत नाही, नोंद बघून सांगते" हे पूर्ण उत्तर आहे. तक्रारदार रडेल, चिडेल, त्याच्या घरचं माणूस गेलेलं असतं, तेव्हा चेहऱ्यावर वैताग दिसू देऊ नका. साक्षीदाराला प्रश्न वकिलालाच विचारू द्या, तुम्ही मधे पडलात की गाडी घसरते. शेवटी लेखी युक्तिवाद द्यायची परवानगी मागा आणि प्रत्येक तारखेला काय झालं याची स्वतःची नोंद ठेवा.

नियमांत ६ महिन्यांत निर्णय लावावा असं आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, मनाची तयारी त्या हिशोबाने करा. मधल्या काळात जी प्रोसिजर वादात आहे ती करण्यावर किंवा प्रॅक्टिसवर बंदी घालायचाही अधिकार नियमांत आहे, असा आदेश आला तर त्याच दिवशी वकिलाला फोन.

गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचं प्रकरण असेल तर सगळी चाकोरीच वेगळी. तिथे कोर्टात आरोप निश्चित झाले की समुचित प्राधिकारी (या कायद्याची अंमलबजावणी बघणारा अधिकारी) कौन्सिलला कळवतो आणि खटला संपेपर्यंत रजिस्ट्रेशन निलंबित होऊ शकतं, दोषी ठरलात तर पहिल्या वेळी ५ वर्षांसाठी नाव काढतात, पुन्हा झालं तर कायमचं. त्यासाठी फौजदारी वकील पहिल्या दिवसापासून हवा, कौन्सिलच्या नोटिशीची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असेल.

आदेश विरुद्ध गेला तर

आदेशाची प्रत मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. पहिलं अपील नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स अँड मेडिकल रजिस्ट्रेशन बोर्डाकडे, ६० दिवस धरून चाला. तिथेही हरलात तर दुसरं अपील खुद्द कमिशनकडे, त्यालाही ६० दिवस, हे २०१९ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे. गंमत म्हणजे २००२ च्या नियमांत "नाराज झालेल्या कोणत्याही व्यक्तीला" अपील होतं आणि २०१९ च्या कायद्यात फक्त डॉक्टरचं नाव आहे, पेशंटचं नाही, त्यामुळे तुमच्या बाजूने लागलेल्या आदेशावर तक्रारदाराने अपील केलं तर वकिलाने पहिल्या ओळीत हा मुद्दा घ्यायलाच हवा. एक माणूस म्हणून मला ही तरतूद अन्यायाचीच वाटते, पण ते वेगळं.

अपील टाकलं म्हणजे निलंबन थांबलं असं समजू नका, स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. बाजूच ऐकून घेतली नाही, कागद दिले नाहीत, आदेशात कारणंच नाहीत, अशी गडबड असेल तर मुंबई हायकोर्टात रिट करता येतं, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, जे जवळचं आणि अधिकारक्षेत्रात बसेल ते. पण हायकोर्ट आधी विचारतं की अपिलाचा रस्ता असताना इकडे का आलात, त्याचं उत्तर तयार ठेवा.

निलंबनाच्या काळात पेशंट तपासणं, प्रिस्क्रिप्शन लिहिणं, सर्टिफिकेटवर सही करणं, सगळं बंद. "नुसतं ओपीडीत बसतो, लिहितो असिस्टंट" हेही नको, त्यावरून नवीन तक्रार होते आणि या वेळी बाजू मांडायला काही उरत नाही. ॲडमिट पेशंट लेखी हँडओव्हर देऊन दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवा, ज्या ज्या हॉस्पिटलला जाता तिथे आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा, नावाचे छापील पॅड रिसेप्शनवरून उचलून कुलपात ठेवा आणि दवाखाना चालू ठेवायचा असेल तर लोकमला (तुमच्या जागी तात्पुरता बसणाऱ्या डॉक्टरला) त्याच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रजिस्ट्रेशन नंबरने वेगळं पॅड छापून द्या.